हार्वेस्टरचा रोटर सुधारणं आणि मागे पडणारं काड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णाकाठच्या पट्ट्यात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनला आणि होळीच्या सुमारास गव्हाला हार्वेस्टर लागतो. त्या दिवसांत यंत्राचे मालक, चालक आणि शेतकरी जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न रोटरचे, म्हणजे यंत्रातल्या मळणी करणाऱ्या फिरत्या नळकांड्याचे आहेत, काही मागे पडणाऱ्या काडाचे. माझ्या मते हे दोन वेगळे विषय नाहीतच. रोटरमध्ये केलेला बदल मागच्या काडात उतरतो आणि ते काड पुढच्या पिकाला भोवतं किंवा लाभतं. म्हणून रोटरवरचे दाणा घासून काढणारे बार बदलायला पैसे काढण्याआधी त्या रानात पुढे हरभरा पेरायचाय, ऊस लावायचाय की भुसकट गोठ्यात न्यायचंय, हे ठरवून घ्यावं.

आमच्या यंत्रात रोटर आहे की साधा ड्रम, हे कसं ओळखायचं?

साध्या यंत्रात ड्रम आडवा असतो. पीक ड्रम आणि खालच्या जाळीच्या मधून एकदाच झटक्यात जातं आणि मागच्या वॉकरवर पडतं. वॉकर काड हलवत हलवत उरलेले दाणे खाली पाडतो. पंजाबातून सुगीला आपल्याकडे येणारी बरीचशी मोठी टायरची यंत्रं अशीच असतात.

रोटरच्या यंत्रात पीक लांब नळकांड्याभोवती फिरत फिरत पुढे सरकतं. मळणी आणि दाणे वेगळे करणं ही दोन्ही कामं त्याच प्रवासात होतात, म्हणून वॉकर लागत नाही. ही रचना अमेरिकेत १९७५ ते १९७७ या काळात बाजारात आली. आपल्याकडच्या पट्ट्याच्या, म्हणजे ट्रॅकच्या छोट्या यंत्रांतही दाणे वेगळे करायला बहुधा हीच पद्धत वापरलेली असते. मागचं झाकण उघडून बघा. वर-खाली होणाऱ्या लांब फळ्या दिसल्या तर ते वॉकरचं यंत्र.

साध्या ड्रमच्या यंत्रात रोटर बसवून घेता येतो का?

त्या वाटेला जाऊ नये. सांगाडा, गिअर, बेल्टची ओढ, इंजिनाची ताकद सगळंच वेगळं लागतं. रोटरला ड्रमपेक्षा जास्त ताकद लागते आणि मूळ इंजिन तेवढं देत नाही. जुन्या यंत्रात नवी जाळी, नवे बार आणि मागे काड पसरवणारं जोडकाम एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

मागे दाणे पडतायत. रोटर बदलायची वेळ आली का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. दाणा कुठून पडतोय हे न बघता रोटरवर खर्च केला तर खर्च होतो आणि दाणे तसेच पडत राहतात.

खाली वाकून मूठभर काड आणि भुसा उचला. दाणे शेंगेतच असतील, ओंबीत अडकलेले असतील, तर मळणी कमी पडतेय. म्हणजे रोटर आणि जाळीतलं अंतर जास्त आहे, रोटरचे मिनिटाचे फेरे कमी आहेत, बार झिजलेत, किंवा पीक अजून ओलं आहे. दाणे मोकळे आहेत पण लांब काडाबरोबर बाहेर आलेत, तर मळणी झाली पण वेगळं व्हायला वेळ मिळाला नाही. यंत्र फार वेगात चाललंय, किंवा रोटरच्या मागच्या भागातली जाळी भरून बसली आहे. मोकळे दाणे बारीक भुशाबरोबर पडले असतील तर दोष चाळणीचा आणि पंख्याचा, रोटरचा त्यात काही संबंध नाही. आणि सोयाबीनमध्ये अनेकदा दाणे मागे पडलेलेच नसतात. ते पुढे पीक कापणाऱ्या कटरबारपाशी पडलेले असतात आणि यंत्र त्यांच्यावरून जातं, म्हणून मागून बघणाऱ्याला वाटतं की मागून सांडले.

सोयाबीनचा यंत्रातला बहुतेक तोटा पुढेच होतो. खालच्या शेंगा कापल्या न जाता बुडख्याला राहतात, पीक आत ओढणारा रील जोरात फिरून शेंगा फोडतो, कटरच्या पात्या बोथट झाल्या की झाड हिसकलं जातं. नव्या पात्या आणि रीलचा वेग गाडीच्या चालीशी जुळवणं हे रोटरच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. आधी ते करा.

तोटा मोजायचा कसा? चालक म्हणतो ‘एवढं सांडणारच’.

मोजलं की वाद मिटतो. चालत्या यंत्राला भर पिकात थांबवा आणि सहा-सात मीटर मागे घ्या. आता तीन जागा मिळतात. उभ्या पिकात खाली पडलेले दाणे हे यंत्र येण्याआधीच गळलेले, त्याचा दोष कुणाला देऊ नये. उभं पीक आणि यंत्राचं तोंड यांच्यामधला जो कापलेला तुकडा उघडा पडला, तिथे आधी गळलेले आणि पुढच्या भागाने पाडलेले दाणे मिळून सापडतात. यंत्राच्या मागच्या जागेत सगळ्याची बेरीज सापडते.

एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, चार काठ्या बांधल्या तरी चालतं, आणि आत पडलेले दाणे मोजा. सोयाबीनच्या १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर चौरस मीटरमागे १० दाणे म्हणजे एकरी सुमारे ५ किलो. ८० दाणे सापडले तर एकरी जवळपास ४० किलो गेले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, त्या भावाने ते दोन हजारांच्या वर जातात. गव्हाचा हजार दाण्यांचा भार ४० ग्रॅम धरला तर चौरस मीटरमागे १०० दाणे म्हणजे एकरी सुमारे १६ किलो.

एक गोष्ट इथे हमखास चुकते. वॉकरचं यंत्र काड पसरवत नसेल तर चौदा फुटांच्या रुंदीतलं सगळं काड आणि त्यातले दाणे मागे चार-साडेचार फुटांच्या पट्ट्यात पडतात. त्या पट्ट्यात मोजलेला आकडा तीनपट फुगलेला असतो. म्हणून पट्ट्यात एक आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक असं मोजून कापणीच्या पूर्ण रुंदीवर सरासरी काढा.

रोटर ‘सुधारायचा’ म्हणजे नेमकं काय बदलायचं?

अख्खा रोटर बदलण्याची गरज फार क्वचित पडते. त्याच्यावरचे आणि भोवतीचे भाग बदलतात.

सगळ्यात आधी जाळी, म्हणजे कॉन्केव्ह. बारीक तारेची जाळी गव्हाला चांगली, कारण लहान दाणा तिच्यातून पडतो आणि ओंबीचे तुकडे वरच राहतात. सोयाबीनला आणि मक्याला रुंद फटीची, गोल गजाची जाळी लागते. सोयाबीन बारीक जाळीवर चालवलं तर दाणा बाहेर पडायला जागा शोधत घासत राहतो आणि त्याची डाळ होते. माझं मत विचाराल तर आपल्या भागात सोयाबीन आणि गहू दोन्ही काढणाऱ्या मालकाने पहिला पैसा दुसऱ्या जाळीवर घालावा, रोटरवर नंतर.

दुसरं म्हणजे बार. खाचा असलेले बार दाणा घासून काढतात. हिरव्या देठाचं, चिवट पीक असेल तर रोटरच्या मधल्या किंवा मागच्या भागात काही दातेरी बार बसवतात. ते काड पकडून उलगडतात, त्यामुळे दोरीसारखे पीळ पडत नाहीत. पण दात वाढवले की काड जास्त तुटतं. भुसा गोठ्यात न्यायचा नसेल तर चालतं, पेंढ्या बांधायच्या असतील तर नाही.

तिसरं, रोटरच्या वरच्या झाकणात आतून तिरप्या पट्ट्या असतात. पीक किती वेगाने मागे सरकेल हे त्या ठरवतात. काही यंत्रांत त्यांचा कोन बदलता येतो. पीक पटकन मागे जाईल असा कोन ठेवला तर डिझेल वाचतं, काड कमी तुटतं, पण दाणा सुटायला वेळ कमी मिळतो. उलट केलं की दाणे चांगले सुटतात आणि इंजिनावर ताण येतो. बोल्ट सैल करून करायचं हे काम आहे, खर्च जवळपास काही नाही, तरी बहुतेक यंत्रांत या पट्ट्या कारखान्यातून आल्या तशाच गंजलेल्या सापडतात.

तोंडाशी पीक आत ओढणारी पाती झिजली असतील तर पीक गचके देत आत जातं आणि रोटरचा आवाज एकसारखा राहत नाही. बेअरिंग आणि बेल्ट तर तपासायचेच.

बार झिजलेत हे कसं कळतं? सगळे एकदम बदलायचे का?

खाचांची वरची कड बोटाला टोकदार लागायला हवी. गोल, गुळगुळीत झाली असेल तर बार संपला. जाळीच्या गजांचीही पुढची कड अशीच बघा. नवे बार आणि जुनी गोल झालेली जाळी ही जोडी काम देत नाही.

बदलताना समोरासमोरचे दोन बार एकदम बदला आणि बसवण्याआधी दोन्ही काट्यावर तोला. याचं कारण आकड्यात सांगतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या रोटरवर एका बाजूला फक्त २०० ग्रॅम जास्त झाले आणि रोटर मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरला, तर त्या बाजूला सुमारे ४३ किलोची ओढ बसते, आणि ती ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. ५०० फेऱ्यांना हीच ओढ १७ किलोच्या आसपास असते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते. बेअरिंग पुन्हा पुन्हा जातंय, चालकाच्या पायाखालची पाटी थरथरतेय, अशी तक्रार असेल तर बेअरिंग बदलत बसण्यापेक्षा बारांची वजनं जुळवा.

काम झालं की जाळीचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला सारखं आहे का बघा. रोटर हाताने पूर्ण फिरवून सगळ्यात उंच बार जाळीला कुठे लागतो ते शोधा आणि तिथून शून्य धरा.

गावातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा थर चढवून जुने बार भरून घेतले तर?

जाळीच्या कडेला, खालच्या झाकणाला वेल्डिंग ठीक आहे. फिरणाऱ्या बारावर नको. थर सगळीकडे सारखा बसत नाही, वजन बिघडतं आणि उष्णतेने मूळ लोखंडाचं पाणी उतरतं. भर वेगात बार निसटला तर तो झाकण फाडून बाहेर येऊ शकतो.

सोयाबीनला रोटरचे फेरे किती ठेवायचे?

फेऱ्यांचा एकच आकडा सगळ्या यंत्रांना लागू पडत नाही, कारण व्यास वेगवेगळा असतो. बघायचा तो बाराच्या टोकाचा वेग. व्यास मीटरमध्ये घ्या, ३.१४ ने आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ६० ने भागा. उत्तर मीटर प्रति सेकंद येतं.

आडव्या ड्रमसाठी सोयाबीनला साधारण १५ ते २० आणि गव्हाला २५ ते ३० मीटर प्रति सेकंद हा पट्टा रूढ आहे. ६० सेंटिमीटर व्यासाला १५ मीटरचा वेग म्हणजे सुमारे ४८० फेरे. ७६ सेंटिमीटरच्या मोठ्या रोटरला तोच वेग ३८० फेऱ्यांतच मिळतो. शेजारच्या गावातला चालक ‘मी पाचशेवर चालवतो’ म्हणाला म्हणून आपणही तेच ठेवलं की डाळ झालीच समजा. रोटरमध्ये पीक जास्त वेळ घासलं जातं, म्हणून पट्ट्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी, आणि पीक कडकडीत वाळलं असेल तर त्याच्याही खाली उतरावं. जाळीचं अंतर १० ते १९ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवून बघा.

एका वेळी एकच बदल करा. आधी फेरे कमी करा, मग गरज पडली तर जाळी सोडा. दोन्ही एकदम फिरवलं तर सुधारणा कशाने झाली तेच कळत नाही.

टाकीत डाळ जास्त येतेय. फेरे तर कमी केलेत.

टाकीत जायचा माल वर परत जाणाऱ्या एलिव्हेटरमधून पुन्हा पुन्हा मळला जात असेल. चाळणी फार बंद असली की चांगला दाणाही ‘न मळलेला’ समजून रोटरकडे परत जातो. चाळणी थोडी उघडा, पंखा वाढवा. एलिव्हेटरची साखळी सैल असेल तर तीही दाणा ठेचते. शेवटी ओलावा. सोयाबीन १३ ते १५ टक्क्यांवर काढलं तर दाणा सांभाळतो, ११ च्या खाली गेला की कितीही जपलं तरी फुटतो.

घरचं बियाणं ठेवायचं असेल तर हार्वेस्टर चालेल का?

मी नको म्हणेन. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं आणि अंकुर सालाच्या लगेच खाली असतो. दाणा वरून अखंड दिसतो, आत मार बसलेला असतो, आणि जूनमध्ये पेरल्यावर कळतं. बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने फुले संगम, फुले किमया, फुले दूर्वा असे वाण दिलेत आणि आपल्या भागात लोक ते घरी राखून पेरतात. असं बियाणं राखायचं तर त्या वाणाचे दहा-वीस गुंठे हाताने काढा, ताडपत्रीवर वाळवा आणि मळणी यंत्राचे फेरे ४०० च्या आसपास ठेवून मळा. बाकीच्या रानात हार्वेस्टर घाला.

सकाळी लवकर सुरू केलं तर जास्त एकर होतात ना?

दव उतरल्याशिवाय सोयाबीनमध्ये शिरू नये. दवात शेंग उघडत नाही, देठ रोटरला गुंडाळतं, मग चालक फेरे वाढवतो आणि दुपारी कमी करायचं विसरतो. ऑक्टोबरात दहा-अकरा वाजता सुरू करून संध्याकाळी दव पडेपर्यंत चालवणं बरं. गव्हाला मार्च-एप्रिलात ही अडचण फारशी नसते.

रोटर मध्येच गुरगुरतो, मग अडकतो. काय करावं?

गुरगुर म्हणजे काडाचे पीळ झालेत. कारण बहुतेकदा पिकात असतं: हिरवी धाटं, वाढलेलं तण, वेल. सोयाबीनची पानं पूर्ण गळून शेंगांचा रंग पालटलाय का हे यंत्र बोलावण्याआधी बघा. परतीचा पाऊस लांबला की शेंगा वाळतात आणि खोड हिरवंच राहतं, अशा रानात चाल कमी ठेवावी आणि रोटरचं तोंड एकसारखं भरत राहील असं चालवावं. थोडं-जास्त-थोडं असं पीक गेलं की अडकणं ठरलेलं.

अडकलाच तर इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, रोटर पूर्ण थांबेपर्यंत थांबा. वजनदार रोटर इंजिन बंद झाल्यावरही फिरत राहतो. जाळी खाली सोडून, उलटा फिरवायची सोय असेल तर ती वापरून काड काढा. झाकणात हात घालून ओढणं, मदतनीसाला ‘जरा सुरू कर’ म्हणणं, हे प्रकार अजिबात नकोत. यात माणसांचे हात गेलेत.

शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, हार्वेस्टर घालावा का?

माण, खटाव, जत, आटपाडी या भागात शाळूचा कडबा दाण्याइतकाच मोलाचा असतो. हार्वेस्टरमधून गेलेला कडबा कडबा राहत नाही. पेंढी बांधता येत नाही, विकता येत नाही, पावसाळ्यासाठी गंज लावता येत नाही. शाळू हातानेच काढावा.

रोटरच्या यंत्राचं भुसकट जनावरं खातात का?

खातात. उलट गव्हाचं काड रोटरमधून गेलं की मऊ आणि बारीक होतं. अडचण गोळा करण्यात येते. लांब काड उचलता येतं, बारीक भुसा रानातच मुरतो. भुसा हवा असेल तर गहू थोडा उंच कापून घ्या. यंत्रात माल कमी जातो, डिझेल वाचतं, आणि उभी राहिलेली धाटं नंतर भुसा करणाऱ्या यंत्राने कापून ट्रॉलीत भरता येतात. मागचं काड तोडणारं जोडकाम त्या दिवशी बंद ठेवायला सांगा, नाहीतर निम्मा भुसा पसरून गेलेला असतो.

गव्हाच्या भुश्यात पोषण कमी. १०० किलो भुश्याला ४ किलो युरिया साधारण ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडत जायचं, दाबून हवाबंद झाकायचं आणि २१ दिवसांनी उघडायचं, ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. खाऊ घालण्याआधी उघड्यावर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा भुसा देऊ नका, आणि युरियाचं पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडाशी जाणार नाही याची काळजी घ्या. सोयाबीनचं भुसकट बुरशी लागलेलं असेल तर गोठ्यात आणूच नका.

काड एका पट्ट्यात पडतं. ते पसरवायचं कशाने?

रोटरच्या यंत्रात मागे काड तोडणाऱ्या पात्या आणि पसरवणारी पाटी असते. पात्या बोथट झाल्या की काड तुटत नाही, चिरडलं जातं आणि ढेकळासारखं पडतं. सोयाबीनचं काड वाळलेलं असतं, त्यामुळे तिथल्या उभ्या स्थिर पात्या थोड्या मागे घेतल्या तरी काम होतं आणि ताकद वाचते. पसरणं कापणीच्या पूर्ण रुंदीइतकं व्हायला हवं, वारा आडवा असेल तर पाट्यांचा कोन बदलावा लागतो.

वॉकरच्या यंत्रांसाठी लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ‘सुपर एसएमएस’ नावाचं जोडकाम पुढे आणलं. वॉकरवरून पडणारं काड ते बारीक करतं आणि फेकून पसरवतं. पंजाबात भाताचं काड जाळलं जाऊ नये म्हणून त्याचा आग्रह धरला गेला, त्यामुळे तिकडून येणाऱ्या काही यंत्रांवर ते बसवलेलंच असतं. ते चालू ठेवलं की डिझेल जास्त लागतं, म्हणून चालक बंद ठेवू पाहतो. तुमच्या रानात पुढे लगेच पेरणी असेल तर चालू ठेवायला लावा.

पट्ट्यात राहिलं तर एवढं काय बिघडतं?

हरभऱ्यात ते डोळ्यांना दिसतं. पट्ट्यातल्या ओळीत बियाणं काडावर पडतं, मातीला टेकत नाही, उगवण विरळ होते. जिथे उगवतं तिथे काड कुजताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी राहतात. जिवाणूंना एका भाग नत्रामागे साधारण २४ भाग कर्ब सोसतं, गव्हाच्या काडात ते ८० च्या आसपास असतं. सोयाबीनचं काड त्यापेक्षा बरंच लवकर कुजतं, त्यामुळे सारखं पसरलं असेल तर रब्बीला त्याचा त्रास जवळपास होत नाही.

पूर्वहंगामी ऊस लावायचा असेल तर पसरलेलं काड वाफसा आल्यावर नांगरून गाडा. ओल्या काळ्या रानात घाईने रोटाव्हेटर मारू नका, खाली घट्ट थर बसतो आणि उसाची मुळं तिथेच अडकतात. ज्या रानात सोयाबीनला मूळकूज किंवा खोडकूज आली होती तिथलं काड वर ठेवू नका, खोल नांगरून खाली घाला, कारण बुरशीचे गोळे काडावर आणि मातीत टिकून राहतात.

जाळून टाकलं तर रान लगेच मोकळं होतं.

होतं, पण काडातलं जवळपास सगळं नत्र धुरात जातं, गंधकाचाही मोठा भाग जातो, आणि वरच्या मातीतले जिवाणू भाजतात. एक टन भाताच्या काडाबरोबर सुमारे साडेपाच किलो नत्र आणि सव्वा किलोच्या आसपास गंधक जातं असा हिशेब केला जातो. पाटण, जावळी, शिराळ्याच्या भातवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. शेजारच्या उसाला आग लागली तर मग भांडण वेगळंच.

आमच्याकडे ऊसतोडणी यंत्र येतं. त्याच्या रोटरचं काय?

ऊसतोडणी यंत्रात मळणीचा रोटर नसतोच. बुडख्याशी कापणाऱ्या तबकड्या, कांडी करणारे दोन रूळ आणि पाला उडवणारा पंखा एवढं असतं. पण मागे राहणाऱ्या पाचटाचा प्रश्न सातारा-सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गव्हा-सोयाबीनपेक्षा मोठा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आत आणि पालाश एक टक्क्याच्या जवळपास असतो, म्हणजे पालाश सगळ्यात जास्त. सातारा जिल्ह्यातलं पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून उसावर काम करतं. पाचट कुजवायला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू ही शिफारस ऊस पट्ट्यात सगळीकडे सांगितली जाते. पाचट सरीत दाबून बसवा, युरिया आणि सुपर फॉस्फेट टाका, जिवाणू शेणखतात मिसळून पसरा आणि पाणी द्या. यंत्राने तोडलेल्या रानात पाचट तुकड्यांत पडतं, त्यामुळे ते हाताने तोडलेल्यापेक्षा लवकर कुजतं. बुडखे मात्र वर राहिले असतील तर धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटून घ्या, नाहीतर खोडवा वरच्या डोळ्यांतून फुटतो आणि कमजोर निघतो.

गव्हाच्या काडालाही मी हाच हिशेब धरतो: टनाला ८ ते १० किलो युरिया आणि एक हलकं पाणी. मार्चनंतर रान रिकामं असेल तर जूनपर्यंत भरपूर वेळ मिळतो.

उसात आंतरपीक म्हणून घेतलेलं सोयाबीन हार्वेस्टरने निघेल का?

नाही. यंत्र उसावरून जाईल.

रान ओलं असेल तर टायरचं यंत्र घालावं का?

नदीकाठच्या खोल काळ्या रानात नको. चाकोरी पडते ती पुढच्या दोन पिकांना दिसते. ट्रॅकचं यंत्र मिळत असेल तर ते घ्या, मिळत नसेल तर दोन ऊन पडू द्या. भरलेली टाकी घेऊन रानभर फिरण्यापेक्षा बांधाकडे जाऊन वरचेवर रिकामी करणं चांगलं. खटाव-माणच्या माळरानात ओल फारशी नाही, तिथे दगड असतात. कटरबार अगदी टेकवून चालवला तर दगड रोटरपर्यंत जातो आणि एका क्षणात बार वाकतो. पुढचा दगड अडवणारा कप्पा रोज रिकामा करा.

यंत्राला आग लागू नये म्हणून?

दिवसातून दोनदा इंजिन, सायलेन्सर आणि रोटरच्या बेअरिंगभोवतीचा भुसा झाडून काढा. काम थांबवल्यावर बेअरिंगच्या घराला हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. अग्निशामक नळकांडं चालकाच्या हाताशी हवं, टाकीच्या मागे बांधलेलं नको.

यंत्र किंवा जोडकाम घ्यायला अनुदान मिळतं का?

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका. बार, जाळ्या यांसारखे सुटे भाग मात्र स्वतःच्याच खर्चातून बदलायचे असं धरून चाला.

हार्वेस्टरवाल्याशी आधी काय बोलून घ्यावं?

दर सगळेच बोलतात, बाकीचं राहून जातं. शेवटी कुठल्या पिकात यंत्र चालवलं आणि त्यावर जाळी कुठली आहे ते विचारा. आधी गहू काढून आलेलं यंत्र तीच जाळी घेऊन सोयाबीनमध्ये शिरत असेल तर थांबवा. रानात येण्याआधी ते झाडून आणलंय का बघा, कारण दुसऱ्या गावचं तणाचं बी आणि दुसऱ्या वाणाचे दाणे त्याच्यातूनच येतात. काड पसरायचं की पट्ट्यात टाकायचं हे स्पष्ट सांगा. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर यंत्र थांबवून टाकीतली मूठ आणि मागचा चौरस मीटर दोघांनी मिळून बघायचा, हेही आधीच ठरवा. चांगला चालक याला कधी नाही म्हणत नाही. आणि बांधाच्या कडेचे, विहिरीजवळचे कोपरे आदल्या दिवशी विळ्याने काढून ठेवा, म्हणजे यंत्राला वळायला जागा होते आणि उभं पीक चाकाखाली जात नाही.